जनरल हार्बुझची दुसरी चांदणी

"माफ करा साहेब, पुन्हा एकदा घ्यावं लागेल," फोटोग्राफर म्हणाला. "फ्लॅश पेटलाच नाही."

जनरल हार्बुझनं नुकताच दारूचा ग्लास एका दमात रिकामा करून तळाची चांदणी दातांत पकडली होती. ती तशीच दातांत धरून तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना दाखवत होता. फोटोग्राफरचं ऐकून त्यानं ती तळहातावर थुंकली, रुमालानं पुसली आणि परत ग्लासात टाकली.

"पुन्हा तर पुन्हा. भरा रे."

"अर्कादी स्तेपानोविच," शेजारी बसलेला तोफखान्याचा एक म्हातारा मेजर दबकत जनरलला म्हणाला, "एक चांदणी दोनदा धूत नाहीत. चांगलं नसतं ते."

"तुम्ही एकदाच धुतलीत, म्हणून अजून मेजर आहात," जनरल म्हणाला. सगळे हसले. मेजरही हसला, न हसून सांगतो कुणाला.

चांदणी धुणं ही युक्रेनच्या फौजेतली जुनी रीत. बढती मिळाली की खांद्यावर लावायची नवी चांदणी आधी ग्लासात टाकायची, वर काठोकाठ दारू ओतायची, ती न थांबता प्यायची आणि शेवटी ओठांपाशी येणारी चांदणी दातांनी टिपायची. मग आपला नवा हुद्दा मोठ्यानं सांगायचा. त्याशिवाय बढती अंगी लागत नाही म्हणतात. रीतीला माझं काही म्हणणं नाही. खंदकातली पोरं पत्र्याच्या मगात चांदण्या धुतात, ते मी पाहिलंय, आणि ते पाहून मला कधी हसू आलेलं नाही.

मी तिथं पाहुणा होतो, म्हणजे शोभेचा. मूळचा मी कुरुंदवाडचा. डॉक्टरकी शिकायला इकडं आलो, भूल द्यायचं शास्त्र शिकलो आणि परत जायचं राहून गेलं. युद्ध सुरू झाल्यावरही आघाडीजवळच्या त्या गावातलं हॉस्पिटल मी सोडलं नाही, याचं जनरलला फार अप्रूप. कुणी बाहेरचं आलं की तो मला बोलावून घ्यायचा आणि पाठीवर थाप मारून "हा आमचा इंडियन" म्हणायचा. इथं मान द्यायचा तर नावापुढं बापाचं नाव लावतात. माझे वडील आप्पासाहेब, त्यामुळं अख्खं हॉस्पिटल मला उदय आप्पासाहेबोविच म्हणायचं. जनरलला ते नाव कधी पाठ झालं नाही.

जेवण होतं एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या तळघरात. तिथंच त्याचं मुख्यालय. आमच्याकडं कारखाने उसाचे, इथं बिटाचे. पण टेबलाच्या मध्यावर बसून सगळ्यांच्या ताटात काय वाढलंय यावर नजर ठेवणारा जनरल पाहिला, की मला आमच्याकडचे चेअरमन आठवायचे. हार्बुझ म्हणजे त्यांच्या भाषेत भोपळा. माणूसही तसाच गोल आणि गुळगुळीत होता.

त्याची कीर्ती सुरू झाली एका पुलापासून. युद्धाच्या पहिल्या महिन्यात शत्रूचे रणगाडे यायच्या आत एक पूल उडवला गेला आणि गाव वाचलं. तो उडवला एका सुरुंगवाल्या हवालदारानं, वरून हुकूम येईना म्हणून स्वतःच्या अकलेनं. जनरल तेव्हा लांब कुठंतरी रस्ता चुकलेल्या गाडीत बसला होता. पण टीव्हीचा कॅमेरा आला तेव्हा पडक्या पुलाशी उभं राहायला तोच मोकळा होता. त्यानंतर त्याचं चित्र भिंतींवर आलं, मधाच्या बरण्यांवर आलं, शाळेतल्या पोरांनी त्याला पत्रं लिहिली. पुढं मेव्हणीच्या नावावरचा समुद्राकाठचा बंगला एका वर्तमानपत्रानं बाहेर काढला, तेव्हा तो म्हणाला की हा शत्रूचा प्रचार आहे. माघार घेऊ द्या म्हणणारे दोन ब्रिगेड कमांडर त्यानं एका आठवड्यात घरी बसवले, तेव्हा तो म्हणाला की फौजेतली भीती काढून टाकतोय. दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ही दुसरी चांदणी त्याला मिळाली होती वर्बिव्का राखल्याबद्दल.

वर्बिव्का हे नदीपलीकडचं खेडं. खेडं म्हणजे तोवर काही भिंती आणि एक वाकलेली पाण्याची टाकी उरली होती. तिन्ही बाजूंनी शत्रू, चौथ्या बाजूला नदी, नदीवर तराफ्यांचा तात्पुरता पूल. स्वच्छ उजेडात त्या पुलावर मांजर जरी निघालं तरी वरून ड्रोन बघायचा आणि बाँब टाकायचा. आत आमची एक बटालियन अडकली होती. जखमी बाहेर येत नव्हते, पाणी आत जात नव्हतं. टीव्हीवर मात्र जनरल सांगून बसला होता, "वर्बिव्का म्हणजे माझी छाती आहे. छातीतून कुणी माघार घेत नाही." छाती याची, आणि आत पोरं दुसऱ्यांची.

त्या पोरांतला एक होता नाझार, आमच्या लारिसाबाईंचा एकुलता एक. लारिसा मिकोलाइव्हना आमच्या हॉस्पिटलातल्या सर्जन, साठीच्या आसपासच्या, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ. मी मनातल्या मनात त्यांना लारिसाबाई म्हणायचो. जेवणाचं बोलावणं त्यांनाही होतं.

"ज्या गावात माझा पोरगा अडकलाय, त्या गावाच्या नावानं मी दारू पिऊ?" त्या सकाळी म्हणाल्या होत्या. "तू जा. लोणचं चांगलं असतं त्यांच्याकडं. माझ्यासाठी घेऊन ये."

तर फोटोसाठी दुसरा ग्लास भरला जात होता, तेवढ्यात कर्नल हाइदुक आत आले. ओस्ताप द्मित्रोविच हाइदुक हे जनरलचे चीफ ऑफ स्टाफ. उंच, हडकुळे, सतत कसला तरी हिशेब डोक्यात चालू असल्यासारखे. पाहुण्यांकडं न बघता ते सरळ जनरलच्या खुर्चीशी गेले.

"साहेब, नदीवर धुकं उतरलंय. दाट आहे. हाताचं बोट दिसत नाही. त्यांचे ड्रोन सगळे जमिनीवर आहेत."

"बरं मग?"

"वर्बिव्कातून पोरं काढायची तर आज. संध्याकाळनंतर वारा सुटणार आहे. उद्या धुकं नसेल."

टेबलावरचे काटेचमचे थांबले. जनरलनं ग्लास उजेडाकडं धरून आतली चांदणी पाहिली.

"ओस्ताप द्मित्रोविच, ही कशाची आहे माहीत आहे ना?"

"आहे."

"आणि आज जेवायला बसून मी तेच गाव सोडू? राजधानीत काय सांगू, धुकं पडलं म्हणून?"

"सांगा की पोरं जिवंत आहेत."

"जेवा आधी. तुम्ही उपाशी असलात की तुम्हाला माघारच सुचते." आणि तो फोटोग्राफरकडं वळला. "पेटतोय का आता?"

"पेटतोय साहेब."

त्यानं मान मागं टाकली आणि प्यायला लागला. कर्नल तसेच उभे होते. ग्लास निम्म्यावर आला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मी पुन्हा विचारतोय, सगळ्यांसमोर."

जनरलनं पिता पिताच बोट वर केलं, गप्प बसा म्हणून. बोट वर, डोळे कर्नलवर, चेहरा कॅमेऱ्याकडं. इतकी कामं त्या माणसानं आयुष्यात एका वेळी केली नसतील. फ्लॅश या खेपेला झकास पेटला. ग्लास खाली आला तेव्हा त्यात चांदणी नव्हती, आणि त्याच्या दातांतही नव्हती.

आधी सगळ्यांना वाटलं गंमत करतोय. मेजरनं तर टाळी वाजवायला हात उचलले. मग जनरलचा चेहरा हार्बुझाचा बीट झाला. त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला, खोकला, आणि टेबलक्लॉथवर रक्ताची लाळ सांडली. मी उठून त्याच्याकडं पळालो. श्वास चालू होता, छाती दोन्ही बाजूंनी हलत होती, म्हणजे श्वासनलिका मोकळी. चांदणी अन्ननलिकेत गेली होती, आणि इकडच्या चांदण्यांसारखी चार टोकांची ती वस्तू तिथं आडवी बसली होती.

"गिळू नका," मी म्हणालो. "बोलू नका. गाडी काढा."

हॉस्पिटल जवळच होतं. धुकं इतकं, की ड्रायव्हरच्या पुढं एक शिपाई चालत गेला. एक्स-रे काढला, तर छातीच्या वरच्या भागात हाडांच्या मधोमध चांदणी लख्ख दिसत होती. लारिसाबाईंनी चष्मा वर करून ती पाहिली.

"खांद्यावर इतकी नीट बसली नसती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात धुवायला घेतले आणि नर्सला दुर्बीण तयार ठेवायला सांगितली. चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. मी लोणचं आणलं का, हेही त्यांनी विचारलं नाही.

जनरलला टेबलावर घेतलं. पोट भरलेलं, त्यात दारू, त्यामुळं पूर्ण भूल देऊन घशात नळी घालणंच भाग होतं. कर्नल आमच्यामागोमाग आले होते आणि दारात उभे होते. जनरलनं त्यांना खुणेनं जवळ बोलावलं, बाही धरली आणि लाळ गाळत, एकेक शब्द ओढत म्हणाला, "मी उठेपर्यंत... कुणी हलायचं नाही... वर्बिव्कातून. कळलं?"

"ऐकलं, साहेब," कर्नल म्हणाले.

आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. लारिसाबाई हातमोजे घालत होत्या. एका बोटाशी त्या जरा जास्त वेळ अडल्या एवढंच. मी औषध सोडलं. जनरलची पकड सुटली, हात खाली लोंबला, तो नर्सनं उचलून कडेला नीट ठेवला. नळी घातली, यंत्र सुरू झालं.

"उदय आप्पासाहेबोविच, दोन मिनिटं बाहेर येता?" कर्नल म्हणाले.

नर्सला यंत्राशी उभं करून मी दारापर्यंत गेलो.

"मला सरळ उत्तर द्या," ते म्हणाले. "जनरल आत्ता शुद्धीत आहेत?"

"नाही."

"हुकूम देऊ शकतात?"

"नाही."

"कमांडर शुद्धीत नसेल तर कमांड चीफ ऑफ स्टाफकडं येते. नियम आहे. भुलीत जायच्या आधी तो काय म्हणाला, ते मी ऐकलंय. उद्या कुणी विचारलं तर ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. तो हुकूम त्याचा. आता पुढचा माझा." त्यांनी खिडकीकडं पाहिलं. बाहेर पांढरं सोडून काही दिसत नव्हतं. "हुकूम पोचायला, जखमी उचलायला, पूल ओलांडायला वेळ लागतो. अर्धे पुलावर असताना तो उठला आणि त्यानं वायरलेस हातात घेतला, तर अर्धे पुलावरच थांबतील. किती वेळ झोपेल तो?"

"चांदणी निघाली की उठवता येतो."

"ते नाही विचारलं मी."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी विनंती केली नाही, आणि हात जोडण्याइतके ते वाकणारेही नव्हते. टोपी सारखी केली आणि जिना उतरून गेले.

लारिसाबाईंनी चांदणी काढली तो प्रकार बघण्यासारखा होता. दुर्बीण आत गेली, चिमटा गेला, एक टोक हळूच वळवून घेतलं, आणि जणू काटा काढावा तशी ती चांदणी अलगद बाहेर आली. स्टीलच्या वाडग्यात टण्णकन पडली. त्यांनी पुन्हा आत बघून घेतलं.

"झालं. उठव याला."

"अन्ननलिकेला ओरखडा असेल," मी म्हणालो.

"आहे. मांजरानं ओरबाडावं एवढा."

"सूज येऊ शकते. घशातली नळी लगेच काढणं बरं नाही. त्यात दारू प्यायलाय. दिवस मावळेपर्यंत राहू द्या झोपलेला."

त्यांनी मास्क खाली केला. दाराबाहेर आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

"उदय, माझ्याकडं बघ. माझा पोरगा तिथं नसता, तर तू याला आत्ता उठवला असतास?"

"नसता उठवला."

"खोटं बोलतोस."

"असेल. पण तिथं तुमचा एकटाच नाही."

"ऐकून घे. हा माणूस कसाही असला तरी या टेबलावर तो पेशंट आहे. माझ्यासाठी पेशंटला झोपवून ठेवलेलं मला चालणार नाही. माझ्या पोरासाठी तर नाहीच नाही. उठव."

इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं मी कधी डावललं नव्हतं. मला त्यांनी या हॉस्पिटलात उभं केलं, भाषा शिकवली, इथल्या थंडीत कोणते बूट घ्यायचे तेही सांगितलं.

"लारिसा मिकोलाइव्हना," मी म्हणालो, "दुर्बीण तुमची. भूल माझी."

नर्स जमिनीकडं बघत उभी राहिली. मग लारिसाबाईंनी एक स्टूल ओढलं, जनरलच्या उशाशी ठेवलं, त्यावर बसल्या आणि त्याचं मनगट हातात घेतलं.

"ठीक. मग मी इथून उठणार नाही. तू दिलेल्या झोपेत याला काही झालं, तर तुझी गाठ माझ्याशी आहे."

ती दुपार मला अजून तशीच्या तशी दिसते. ज्या माणसानं पोराला मरायला ठेवलं होतं, त्याची नाडी धरून आई बसलेली. मध्येच त्याच्या ओठांशी ओघळ आला तर पुसायची, नळी सरकली नाही ना बघायची. जनरल मस्त झोपला होता. एवढं कामाचं त्या माणसानं अख्ख्या युद्धात काही केलं नव्हतं.

त्याचा एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी, मात्र जीव खात होता. गोरागोमटा, परीटघडीचा तो कॅप्टन पुन्हा पुन्हा दारात यायचा.

"डॉक्टर, राजधानीतून फोन आहे. साहेबांचं अभिनंदन करायचंय."

"सांगा, साहेब चांदणी घेऊन झोपलेत."

"थट्टा करू नका! उठवा त्यांना!"

"उठवतो की. गळा सुजला आणि टेबलावरच राहिले, तर जबाबदारी तुमची. इथं सगळ्यांसमोर तसं म्हणा, लगेच उठवतो."

परीटघडीच्या माणसांना जबाबदारी म्हटलं की लगेच दुसरं काम आठवतं. तो गेला आणि बराच वेळ फिरकला नाही. मी यंत्राशी उभा राहून खिडकीतून बघत होतो. धुकं कमी झालं असं वाटायचं. मग समोरचं झाड पुन्हा दिसेनासं व्हायचं. लारिसाबाईंची पाठ खिडकीकडं होती. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही, धुकं आहे का असं विचारलंही नाही.

उजेड उतरायला लागला तेव्हा अंगणात गाडीचा आवाज आला. मग दुसरीचा. धुक्यातून चिखलानं माखलेल्या गाड्या एकामागून एक बाहेर यायला लागल्या आणि त्यांतून माणसं उतरायला लागली. काही स्वतःच्या पायांनी उतरत होती, काहींना उतरवून घेत होते. मी बघत राहिलो. नर्स माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि रडायला लागली.

"आता उठवू का?" मी लारिसाबाईंना विचारलं.

"मला काय विचारतोस? भूल तुझी."

मी औषध बंद केलं. जनरल जागा झाला, मी नळी काढली, तो खोकला आणि त्यानं पाणी मागितलं. आवाज फाटला होता. डोळे नीट उघडतात न उघडतात तोच त्याला समोर कर्नल हाइदुक दिसले, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"वर्बिव्का?"

"सोडलं, साहेब. माझ्या हुकुमानं. सगळे बाहेर आलेत. जखमीसुद्धा."

"सगळे?"

"सगळे."

दुसऱ्या कुणी हे ऐकून हात जोडले असते. जनरल पांढराफटक पडला. "कोर्टात उभा करतो तुला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हुकूम मोडलास. भर युद्धात. तुला... आणि या इंडियनलासुद्धा. मला काय कळत नाही काय, एका चांदणीला दिवसभर झोपवतात?"

लारिसाबाई स्टुलावरून उठल्या आणि काही बोलणार, तेवढ्यात कॅप्टन फोन घेऊन धावत आला. राजधानीतूनच होता. त्यानं फोन जनरलच्या कानाला लावला.

जनरल ऐकत राहिला. पलीकडचा आवाज मोठा होता, खोलीत सगळ्यांना तुटक ऐकू येत होता. अख्खी बटालियन... एकही माणूस न गमावता... धुक्याचा असा वापर... कुणाला सुचलं नसतं. जनरलच्या चेहऱ्यावर रंग परत येत गेला. आधी गाल, मग कान. त्यानं कर्नलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उशीवर जरा वर सरकून बसला.

"होय साहेब," तो म्हणाला. "मी धुक्याचीच वाट बघत होतो. टीव्हीवर बोललो ते शत्रूला गाफील ठेवायला. ...नाही नाही, किरकोळ. घशाला जरा लागलंय. हुकूम देऊन झाल्यावरच डॉक्टरांच्या ताब्यात गेलो."

फोन खाली गेला. मला त्या माणसाची इतकी किळस आली, की मी यंत्राच्या नळ्या गुंडाळायला घेतल्या.

"हुकूम माझा होता," जनरल म्हणाला. "ओस्ताप द्मित्रोविच, कळलं ना? माझा असला तर कुणावर खटला नाही. तुमचा असला तर आहे. आणि डॉक्टरवरही आहे."

कर्नल माझ्याकडं बघत होते. मला आजही वाटतं, ते एकटे असते तर "माझाच होता" म्हणून मोकळे झाले असते.

"कळलं, साहेब," ते म्हणाले. त्यांनी सलाम केला, टाचेवर वळले आणि निघून गेले. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली लांबच्या एका गोदामावर झाली. तिथून त्यांनी मला नव्या वर्षाला एक कार्ड पाठवलं होतं, त्यात हवापाण्याखेरीज काही नव्हतं.

नाझार खाली पॅसेजमध्ये जमिनीवर बसला होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, बूट काढता येत नव्हते इतके पाय सुजलेले. लारिसाबाईंनी कात्रीनं बूट कापले, एकेक बोट दाबून पाहिलं आणि मोजे वेळेवर बदलले नाहीत म्हणून पोराला अशा काही शिव्या घातल्या, की शेजारचे जखमी हसायला लागले. तोही हसत होता.

"मामा," तो म्हणाला. इकडं आईला मामा म्हणतात. "आम्ही त्या म्हाताऱ्याला रोज शिव्या द्यायचो गं. वाटायचं, आम्हाला विसरला. आणि आज वायरलेसवर आवाज आला, जनरल हार्बुझचा हुकूम, निघा. मला वाटलं कान वाजतायत. पुलावर सगळे म्हणत होते, म्हाताऱ्यानं आपली आठवण ठेवली. ठेवली गं त्यानं."

कर्नलनी हुकूम त्याच्या नावानं पाठवला होता. फौजेत प्रत्येक हुकूम कमांडरच्याच नावानं जातो, त्यात नवल नव्हतं. लारिसाबाईंची कात्री थांबली. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याला खरं सांगितलं असतं तर कर्नल कोर्टात उभे राहिले असते, आणि त्यांच्या शेजारी मी.

"पाय वर ठेव," त्या पोराला म्हणाल्या. "बडबड कमी कर."

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. 'धुक्यातली माघार' म्हणून जनरलचं नाव झालं. त्यावर व्याख्यानं झाली, नकाशे काढले गेले, बाणबिण दाखवले गेले. बंगल्याची चौकशी सुरू झाली आणि जिरली. फौजेतून निघाल्यावर तो निवडणुकीला उभा राहिला आणि प्रचारात त्याच्यामागं वर्बिव्काची पोरं उभी होती, स्वतःहून आलेली. त्यांत कुबडी घेतलेला नाझारही होता.

काही वर्षांनी नाझारचं लग्न झालं, मुलगा झाला. बारशासारखा त्यांचा विधी चर्चमध्ये असतो, मग घरी जेवण. मी गेलो होतो. नाझारनं ग्लास उचलला आणि पोराचं नाव सगळ्यांना सांगितलं: अर्कादी, म्हणजे जनरलचंच.

"त्याच्यामुळं मी आहे," तो म्हणाला, "म्हणून हा आहे."

सगळ्यांनी ग्लास वर केले. लारिसाबाईंनीही केला. जेवणं झाल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. त्या ताटं धूत होत्या.

"आता सांगायला काय हरकत आहे?" मी हळू आवाजात म्हणालो. "कर्नल रिटायर झाले. माझं कोण काय वाकडं करणार? सांगून टाका त्याला."

"काय सांगू?" त्यांनी नळ बंद केला. "उदय, हा पोरगा परत आला तेव्हा कितीतरी दिवस भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. जेवायला लागला, चालायला लागला, ते कशाच्या जोरावर माहीत आहे? वरच्या कुणीतरी आपल्याला माणूस समजून बोलावून घेतलं, या एका गोष्टीच्या. ती मी काढून घेऊ? आणि बदल्यात काय देऊ, की वरचा तुला तिथंच मरू द्यायला निघाला होता आणि फोटो काढता काढता त्यानं चांदणी गिळली म्हणून तू वाचलास?"

"पण हे नाव..."

"नाव त्याच्या पोराचं आहे. माझं नाही," त्या म्हणाल्या आणि नळ पुन्हा सोडला.

तो नातू आता शाळेत जातो. मी अजून अधूनमधून त्यांच्याकडं जेवायला जातो. लारिसाबाई त्याला 'माझ्या कबुतरा' म्हणतात, 'सोन्या' म्हणतात, दंगा केला तर 'गाढवा' म्हणतात. अंगणात लांब खेळत असला तर दारात जाऊन "ए, जेवायला चल" म्हणून ओरडतात, आणि त्यानं ऐकलं नाही तर म्हातारी गुडघे धरत त्याच्यापर्यंत चालत जाते आणि हाताला धरून आणते. त्याला नावानं हाक मारताना मी त्यांना एकदाही ऐकलेलं नाही.